कीर आणि खीर

आमच्या घरात चहाच्या वरच्या इयत्तेत कोणतेही पेय कधी गेले नाही. सकाळी चहा, दुपारी चहा, उन्हाळ्यात पन्हे नाहीतर मठ्ठा, आणि पाहुणा फारच मोठा असला तर चहात विलायची. कॉफी फक्त आजारपणात. खोकल्याचे औषध आणले तर आमची ही चष्मा लावून बाटलीवरचे मुंगीएवढे अक्षर वाचते, आणि त्यात अल्कोहोल हा शब्द दिसला की बाटली दुकानदाराकडे परत जाते. मी एकतीस वर्षे कोषागारात बसून दुसऱ्यांची बिले तपासली, पण एवढी कसून तपासणी मलाही कधी जमली नाही.

अशा या घरात मागच्या ऑक्टोबरात दिजाँहून फोन आला.

दिजाँ हे फ्रान्सातले गाव. मोहरीच्या चटणीसाठी जगात प्रसिद्ध. आम्ही मोहरी फोडणीत टाकून विसरून जातो, त्यांनी तिच्यावर नाव कमावले. आमची एकुलती एक कन्या शिकायला म्हणून तिथे गेली आणि २०१९ साली तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. लग्न नगरपालिकेत लागले. तिकडे कायद्याने ते तिथेच लागावे लागते, चर्चमध्ये जायचे तर त्यानंतर. आम्ही गेलो नाही. पासपोर्ट नव्हते, हे लोकांना सांगायचे कारण. खरे कारण आमची ही होती. ती चार महिने लेकीशी बोलली नाही, आणि जावयाशी तर पाच वर्षांत ‘नमस्कार’ आणि ‘जेवण झालं का’ यापलीकडे गाडी गेली नव्हती. त्यातल्या दुसऱ्या वाक्याचे भाषांतर लेकीलाच करावे लागे.

मी माझ्या परीने वकिली करून पाहिली. हिला सांगितले, अगं, आपले वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचे आणि साहित्यविद्येचे लग्न याच गावात लावले आहे, आणि तेही गांधर्व पद्धतीने! हजार-अकराशे वर्षांपूर्वी आपल्या गावाला जे चालले ते तुला काहून चालत नाही? त्यावर ही म्हणाली, “त्या राजशेखराले लेक होती का?” यापुढे युक्तिवाद चालवणे मला जमले नाही.

तर तो फोन. लेक म्हणाली, डिसेंबरात आम्ही येतोय आणि सासूसासरेही येताहेत. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, आपण ऐकतच नाही असा चेहरा करून ऐकत होती.

“बाबा, माझ्या लग्नात नगरपालिकेत सगळ्यांनी कीर घेतला होता. तिकडे पद्धतच आहे. तुम्ही दोघं नव्हते ना, तर सासरे म्हणतात, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याबरोबर घेऊ, म्हणजे लग्न पुरं झालं. आईला विचारा, चालेल का?”

मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला, “काहून नाही चालणार? त्यात काय विचारायचं? करू की!”

पलीकडे लेक इतकी गहिवरली की तिला पुढे बोलवेना. इकडे मी चक्रावलो. फोन ठेवल्यावर ही म्हणाली, “गव्हाची करू का शेवयाची? त्यांना गूळ चालते का विचारून ठेवा.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हिने ‘खीर’ ऐकले होते.

त्याच क्षणी मी खुलासा करायला हवा होता. पण पाच वर्षांत पहिल्यांदा ही लेकीच्या सासरच्यांसाठी काहीतरी करायला आपण होऊन निघाली होती. मी म्हटले, “गव्हाची कर.”

आता हा कीर काय आहे ते तुम्हालाही सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्हीही गहू भिजत घालाल. तिकडे जेवणाआधी भूक उघडायला म्हणून थोडे काही पितात, त्याला अपेरितीफ म्हणतात. आपण पाहुण्याची भूक उघडायला त्याला तासभर ताटकळत ठेवतो, तोच हा प्रकार, फक्त हातात पेला असतो. कीर करणे म्हणजे चहा करण्याहून सोपे काम. पेल्यात एक भाग कासीसची क्रेम घालायची, वरून पाच भाग थंडगार पांढरी वाइन ओतायची, झाले. क्रेम आधी आणि वाइन नंतर, म्हणजे ढवळावे लागत नाही. वाइन आंबटसर हवी. तिकडे आलिगोते नावाच्या द्राक्षाची घेतात. कासीस म्हणजे तिकडची काळी, आंबट, बोराच्या अर्ध्याएवढी फळे. ती दारूत मुरवून, गाळून, साखर घालून ही क्रेम करतात. दिजाँमध्ये १८४१ पासून होते. तिच्यात लिटरला निदान चारशे ग्रॅम साखर असावीच लागते, असा युरोपात नियम आहे. म्हणजे दारू असली तरी चुलत नाते आपल्या पाकाशी.

पण खरी गंमत नावात आहे. पूर्वी याला नुसते ‘ब्लाँ-कासीस’ म्हणत. पुढे फेलिक्स कीर नावाचे गृहस्थ दिजाँचे महापौर झाले. १८७६ चा जन्म. १९४५ ते १९६८, म्हणजे मरेपर्यंत, महापौर. शिवाय फ्रान्सच्या संसदेत सभासद. आणि हे गृहस्थ होते चर्चमधले पाद्री! संसदेतसुद्धा पायघोळ काळा झगा घालून बसत. महायुद्धात जर्मनांच्या विरोधात उभे राहिलेले. नगरपालिकेत कोणीही पाहुणा आला की महापौर त्याच्या हातात हाच पेला देत. इतका, की पेयाला त्यांचेच नाव पडले, आणि १९५१ साली त्यांनी एका कारखान्याला आपले नाव वापरायची रीतसर लेखी परवानगीही दिली. गावाजवळ त्यांनी एक तलावही करवला, त्यालाही कीरांचेच नाव आहे. आपल्याकडे समजा एखादे कीर्तनकार बुवा नगराध्यक्ष झाले, तेवीस वर्षे राहिले आणि शेवटी लोकांच्या लक्षात राहिले ते सरबतावरून. (तेवीस वर्षे एकच नगराध्यक्ष राहिला तर लोकांच्या लक्षात काय काय राहील, हा वेगळा विषय आहे.)

क्रेमची बाटली व्याही घेऊन येणार होते. माझ्याकडे फक्त वाइनचे काम होते. पण कोषागारातला माणूस एका कागदावर कधी विसंबत नाही, दुसरी प्रत ठेवतोच. म्हणून मी कासीस वाशिमात मिळते का ते पाहायला निघालो. इंग्रजीत तिला ब्लॅक करंट म्हणतात, एवढे कन्येने सांगितले होते. पाटणी चौकात एका आइस्क्रीमवाल्याने लगेच ‘आहे ना काका’ म्हणून जांभळ्या रंगाचा गोळा हातात दिला. किराणावाल्याने काळे मनुके दिले आणि “ब्लॅक करंट म्हणजे हेच, बाप्पा” अशी ग्वाही दिली. नावाच्या या घोळात तो एकटा नाही, साहेबसुद्धा बारीक काळ्या मनुकांना करंटच म्हणतो. पण मनुका हे सुकलेले द्राक्ष आणि कासीस हे निराळेच झुडूप, त्याला कडाक्याची थंडी लागते. आमच्याकडे मे महिन्यात पाल घामाने भिंतीवरून घसरते.

ही भजनाला गेलेली पाहून मी पावशेर मनुके उकडले, कुस्करले, गाळले, साखर घालून आटवले. रंग आला चिखलाचा. चव आली ती लहानपणी आजी एरंडेलानंतर जे काही द्यायची त्याची. त्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मनुकांनी आपला मूळ औषधी गुणही दाखवला. पातेले पाहून ही म्हणाली, “मनुके काहून उकडले? खिरीत घालायचे असले तर मला सांगायचं होतं.” मी मान डोलावली.

आता वाइन. आपल्याकडे वाइन शॉप नावाच्या दुकानात वाइन सोडून बाकी सगळे मिळते, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळले. मफलर डोळ्यांपर्यंत ओढून मी आत शिरलो, तर गल्ल्यावरचा पोरगा उठून उभाच राहिला, “नमस्कार साहेब! पप्पांचं पेन्शन तुम्हीच सुरू करून दिलं होतं.” दुकानातली पाच-सहा माणसे माझ्याकडे वळली. त्यातल्या दोघांच्या पेन्शनवरही माझी सही असावी, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले.

“वाइन आहे का, पांढरी?”

“इथं वाइन कोणी पेत नाही साहेब. डॉक्टरनं सांगितली का?”

मी हो म्हटले. त्याने फळीच्या मागच्या बाजूने एक नाशिकची बाटली काढली आणि धूळ पुसून दिली. नाशिककडच्या द्राक्षांची वाइन सन २००० पासून बाजारात आहे, पण आमच्याकडे ती बहुधा पायी आली असावी. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायला परवानगी द्यायचे ठरवले होते. पण एवढा गदारोळ उठला की ते काही अमलात आले नाही. आले असते तर मी तुरीच्या डाळीबरोबर पिशवीत टाकून आणली असती आणि माझी अब्रू वाचली असती.

“परमिट?” पोराने विचारले. कारण कायद्याने बघायला गेले तर महाराष्ट्रात १९४९ पासून दारूबंदीच आहे, जो कोणी पितो तो परवान्याने पितो. एक दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. माझ्या वयात आजन्माचा हिशेब मी मनातल्या मनात करून पाहिला आणि पाच रुपयांचा घेतला. परवान्यामागचा सरकारचा मूळ हेतू नागरिकाची प्रकृती नीट राहावी हा आहे. माझी त्या क्षणी अजिबात नीट नव्हती.

बाटली घरी आणून मी गव्हाच्या कोठीमागे ठेवली. चार दिवसांनी ही खिरीचे गहू काढायला कोठीपाशी गेली.

ती बाटली हातात घेऊन बाहेर आली, माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर बसली. आरडाओरडा केला असता तर बरे झाले असते. मी सगळे सांगितले. कीर आणि खीर, पाद्री, नगरपालिका, लग्न पुरे होणे. ती ऐकत राहिली.

हिला एक धाकटा भाऊ होता. मानोरा तालुक्यातल्या त्यांच्या गावी शेती, अंगाने पैलवान, आवाज असा की पोळ्याला बैल त्याच्या हाकेवर वळत. १९९४ साली, आमचा वाशिम जिल्हा व्हायच्या चार वर्षे आधी, तो अकोल्याच्या दवाखान्यात गेला. एक्केचाळीस वर्षांचा होता. पोट फुगलेले आणि हातापायाच्या काड्या. कशाने ते कोणी विचारले नाही, सगळ्यांना माहीत होते. दवाखान्याच्या जिन्यावर बसून हिने मला एवढेच म्हटले होते, की आपल्या घरात थेंब येणार नाही. मी हो म्हटले होते. तीस वर्षे तो शब्द पाळणे मला मुळीच जड गेले नाही, हेही खरे. पैजेवर चहा सोडायला कोणी सांगितले नाही म्हणून माझे निभावले.

बऱ्याच वेळाने ही म्हणाली, “पाहुण्यांना द्या. लेकीला शब्द दिला ना मी. पण मी भाईर येणार नाही. सैपाकघरात राहीन.” आणि बाटली उचलून तिने स्वतःच फ्रिजमध्ये ठेवली, दह्याच्या मागे.

पाहुणे आले. व्याही रेल्वेतून निवृत्त झालेले निघाले, म्हणजे माझ्यासारखेच सरकारी पेन्शनर. अकोला-पूर्णा मार्ग पूर्वी मीटरगेज होता हे कळल्यावर त्यांना असा आनंद झाला की तो त्यांनी फ्रेंचमध्ये अर्धा तास व्यक्त केला. विहीणबाई मात्र कानकोंड्या झालेल्या. कन्येने कारण सांगितले. क्रेमची बाटली त्यांनी विमानतळावर घेतली, दुकानाने ती पिशवीत सीलबंद करून दिली. विमानात विहीणबाईंना वाटले, बाटलीला थंडी वाजेल की काय, म्हणून त्यांनी सील फोडून तिला आपला स्वेटर गुंडाळला. मध्ये एका परक्या देशात विमान बदलताना तिथल्या शिपायाने फुटलेले सील पाहिले आणि बाटली ठेवून घेतली. स्वेटर परत दिला.

म्हणजे वाइन होती, पेले होते (निवृत्तीच्या वेळी मिळालेला सहांचा संच, प्रथमच खोक्यातून बाहेर), बाटली उघडायला मी मुद्दाम आणलेले अवजारही होते. ते लागलेच नाही, झाकण खोबरेल तेलाच्या बाटलीसारखे फिरकीचे निघाले. फक्त कासीस नव्हती. मी धीर करून मनुकांचा काढा पुढे केला. व्याह्यांनी वास घेतला आणि अतिशय सभ्यपणे बशी माझ्या बाजूला सरकवली. लेक नुसती खिडकीबाहेर पाहत बसली. पाच वर्षे लांबलेले तिचे लग्न पुन्हा एकदा लांबणीवर पडत होते.

तेवढ्यात ही बाहेर आली. हातात पदराने पुसलेली एक बाटली.

ती बाटली मला ठाऊक होती. हिच्या माहेरच्या बांधावर एक जांभळाचे झाड आहे. भावाने लहानपणी लावलेले. भाचा दरवर्षी जूनमध्ये एक पाटी जांभळे पाठवतो. ही किलोभर जांभळाला अर्धा लिटर पाणी घालून मंद आचेवर शिजवते, बिया सुटेपर्यंत हाताने कुस्करते, पंचात गाळते, पाऊण किलो साखर घालून पुन्हा दोन उकळ्या देते आणि उतरवल्यावर दोन लिंबे पिळते. रंग असा, की थेंब पातळावर पडला तर पातळ गेलेच समजा. या सरबताला घरात कोणी हात लावायचा नाही. भाऊबीजेला ही चंद्राला ओवाळते आणि एक पेला त्याचा करून तुळशीपाशी ठेवते. मग तो आम्ही दोघे वाटून घेतो.

तिने बाटली लेकीच्या हातात दिली. म्हणाली, “जास्त नको टाकू. तुरट लागते.”

लेकीने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिले, कारण अशा वेळी पुरुषाला छत फार उपयोगी पडते.

व्याह्यांनी चमच्याने एक थेंब चाखला, थांबले, पुन्हा एक चाखला. मग स्वतः उठून पेल्यांत जांभूळ घालू लागले. त्यांचे वडील म्हणे एकास दोन घालत. आजकालची पिढी एकास पाच घालते, त्यात चव काय राहणार, वगैरे. सासरा कुठल्याही देशाचा असो, वडिलांच्या वेळचे प्रमाण काढतोच. वाइन ओतल्यावर पेल्यात तळाशी जांभळे आणि वर जाता जाता गुलाबी असा रंग चढला, आणि विहीणबाईंच्या तोंडून ‘ओ’ निघाला, तो अगदी आपल्या ‘अगंबाई’च्या चालीवर. कासीसपेक्षा हे जरा जास्त तुरट आहे, पण दिजाँमध्ये कोणी आणून दिले तर आपण तक्रार करणार नाही, असा व्याह्यांचा निकाल कन्येने भाषांतरित केला. जावई म्हणाला, “आई, चांगला आहे.” व्याकरण चुकलेले नव्हते. ही पाच वर्षांत प्रथमच त्याच्याकडे पाहून हसली.

ही आत गेली नाही. तिने स्वतःसाठी जांभळात सोडा घालून घेतला आणि माझाही पेला आणून दिला. सहाही पेल्यांचा रंग एकच. कोणाच्या हातात काय आहे ते फोटोत आजही ओळखू येत नाही. पेले वर उचलून पाहुणे ‘सांते’ म्हणाले. अर्थ विचारला, तर ‘आरोग्य’. मला खिशातला पाच रुपयांचा परवाना आठवला.

आयुष्यातला पहिला घोट मी डोळे मिटून घेतला. पहिल्यांदा जांभळाचा तुरटपणा आणि त्याच्या मागून द्राक्षाचा आंबट, थोडा जडसर असा स्वाद. घशात ऊब. दुसऱ्या घोटाला डोके हलके झाले. मी व्याह्यांना वत्सगुल्माची हकिगत सांगितली, राजशेखर सांगितला, काव्यपुरुषाचे लग्न सांगितले. नीती आयोगाने आमच्या जिल्ह्याला ‘आकांक्षित’ म्हटले आहे, तेव्हा आकांक्षा कशाची धरायची हे आमचे आम्ही बघू, असेही म्हणालो. पेला संपताना मी त्यांना चक्क ‘दादा’ म्हणत होतो.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मी हिला म्हटले, “माफ कर, शब्द मोडला. पण चढते बरं का ही वाइन.”

“तुमच्या गिलासात नुसता सोडा होता,” ही कूस बदलत म्हणाली. “दोघांचाही मीच भरला होता.”

सकाळी आठ वाजता व्याही अंघोळ करून ताजेतवाने ओसरीवर आले, माझ्याकडे पाहून प्रसन्न हसले आणि म्हणाले, “कीर?” मी दचकलो. सकाळी आठ वाजता! तरी पाहुणा म्हणून निमूटपणे फ्रिजकडे निघालो. तिकडून ही हसत हसत वाटी घेऊन आली. रात्री जेवणात गव्हाची खीर झाली होती आणि त्यातली थोडी उरली होती. फ्रेंच माणसाच्या जिभेला ‘ख’ काढता येत नाही. व्याह्यांनी तीन वाट्या खाल्ल्या आणि दर वाटीला “कीर!” म्हणत हात पुढे केला.

निघायच्या दिवशी हिने उरलेली जांभळाची बाटली जुन्या पातळात गुंडाळून विहीणबाईंच्या मोठ्या पेटीत, कपड्यांच्या मधोमध, स्वतःच्या हाताने ठेवली. वरून आणखी एक टॉवेल. मग लेकीला हाक मारून म्हणाली,

“सांग त्यांना, तिला थंडी वाजत नाही म्हणावं. घरी पोचेपर्यंत हात लावायचा नाही.”